दप्तर ज्याचे, दावाही त्याचाच

जमिनीचे भांडण दोन भावांचे असो किंवा दोन शेजाऱ्यांचे, कागद काढायला दोघेही एकाच ठिकाणी जातात. तलाठी कार्यालयात किंवा सिटी सर्व्हेच्या खिडकीवर रांग लावायची, नक्कल मागायची, तिच्यावर गोल शिक्का घ्यायचा आणि ती वकिलाच्या हातात द्यायची. दप्तर आपल्या बाजूचे निघेल की नाही ही धाकधूक दोघांनाही असते, पण ते दप्तर समोरच्याचे आहे असे कुणी म्हणत नाही. एका बाजूला कंपनी आणि दुसऱ्या बाजूला खुद्द सरकार असले की मात्र ही सोय उरत नाही, कारण नोंदवह्या सरकारच्या, त्या लिहिणारे हात सरकारचे, त्यांच्या आधारे सांगितलेला हक्कही सरकारचा. असले निकाल वाचण्याचे मला जुने वेड आहे. ते वाचताना दर वेळी असे वाटत आले आहे की अशा खटल्यांत न्यायालयासमोर जमिनीच्या मालकीबरोबरच सरकारच्या स्मरणशक्तीचीही परीक्षा चाललेली असते.

माझ्या मते या परीक्षेचे सर्वांत बोलके उदाहरण विक्रोळीचे आहे. गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 रोजी दिला. वाद होता विक्रोळीतल्या सुमारे 133 एकर जमिनीचा. ही जमीन ‘खाजगी वन’ असून 30 ऑगस्ट 1975 रोजीच, महाराष्ट्र खाजगी वने संपादन अधिनियम अमलात आला त्या दिवशी, ती आपोआप राज्याच्या मालकीची झाली, असे शासनाचे म्हणणे होते. जमीन आपली आहे, तिच्यावर आपण इमारती बांधल्या आहेत आणि त्या बांधायला याच शासनाने परवानगी दिली आहे, असे कंपनीचे उत्तर होते.

कंपनीच्या मालकीची साखळी मागे नेत गेले की ती 1835 पर्यंत पोहोचते. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबई सरकारने साष्टीतली, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांतली, ही जमीन फ्रामजी कावसजी बनाजी यांना कायमच्या पट्ट्याने दिली. त्या वेळचे मुंबई सरकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार, आपल्या आजे-पणज्यांच्या तोंडी असलेले ‘कंपनी सरकार’. म्हणजे या दस्तऐवजात जमीन देणारी कंपनी हीच सार्वजनिक सत्ता होती आणि घेणारा एक खाजगी गृहस्थ होता. पुढे ती जमीन हस्तांतरित होत होत 1948 साली खरेदीखताने गोदरेजकडे आली. पावणेदोनशे वर्षांनंतर न्यायालयात कंपनी वादी आणि सरकार प्रतिवादी होते, तरी वादीच्या हातातला मूळ कागद सरकारनेच दिलेला होता. सरकार पक्षकार असलेल्या बहुतेक दाव्यांत असेच आढळते. इनाम, सनद, पट्टा, करार, कशाच्याही मुळाशी गेले तरी कुठल्या ना कुठल्या जुन्या सरकारचीच सही निघते.

मालकीवरून सरकार आणि कंपनी कोर्टात समोरासमोर आले ते काही या खटल्यातच पहिल्यांदा नव्हे. साष्टीतल्या जुन्या जमीनदाऱ्यांची महसूलमाफी रद्द करणारा कायदा 1951 साली आला, तेव्हा पडीक जमिनी सरकारजमा होण्याचा प्रश्न उभा राहिला आणि 1953 साली मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. तो 1962 च्या जानेवारीत तडजोडीने मिटला. थोडा भाग वगळता विक्रोळीची जमीन कंपनीची आहे हे शासनाने त्या तडजोडीच्या हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशात, मान्य केले. ही तारीख लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे ज्या नोटिशीच्या बळावर शासनाने जमीन आपली म्हटली, ती नोटीस 1956 सालची होती. नोटीस आधीची आणि कबुली नंतरची. वन खात्याच्या कपाटात एक कागद पडून होता आणि विधी खाते कोर्टात त्याच्या नेमके उलट सही करत होते. शासन एकच, पण त्याच्या दोन खात्यांनी एकमेकांना विचारलेसुद्धा नव्हते.

त्या नोटिशीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 35 प्रमाणे खाजगी मालकीच्या वनातही वृक्षतोड, गुरेचराई, जमीन नांगरणे अशा गोष्टींवर शासन निर्बंध घालू शकते. पण निर्बंधाची अधिसूचना काढण्याआधी मालकाला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि त्याने पुरावा दिला तर तो तपासावा लागतो. ही तरतूद कलम 35 च्या पोटकलम 3 मध्ये आहे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ठाणे, कुलाबा, मुंबई उपनगर अशा भागांत अशा कितीतरी नोटिसा निघाल्या आणि राजपत्रात छापल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी काम तिथेच थांबले. सुनावणी झाली नाही, अंतिम अधिसूचना निघाली नाही आणि मालकांनी आपले व्यवहार पूर्वीसारखे चालू ठेवले. मग 1975 चा संपादन कायदा आला. त्याने खाजगी वनाच्या व्याख्येत, ज्या जमिनीबाबत कलम 35(3) ची नोटीस काढली गेली आहे, तीही जमीन धरली. एरवी विसरून गेलेला राजपत्रातला तो चौकोन या व्याख्येमुळे एकदम जमिनीचा मालक बदलणारा कागद झाला.

सगळा खटला मग नोटीस नुसती काढली की मालकावर बजावलीही, या एका भेदावर येऊन ठेपला. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण महसुली कामकाजाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला यातला फरक लगेच कळेल. काढणे हे कार्यालयाच्या आतले काम आहे. मसुदा होतो, सही होते, जावक क्रमांक पडतो. बजावण्यासाठी मात्र माणसाला दारापर्यंत जावे लागते, सही किंवा अंगठा घ्यावा लागतो, मालक भेटला नाही तर दोन पंच घेऊन दारावर कागद डकवावा लागतो आणि तसा अहवाल लिहावा लागतो. दिवाणी समन्स बजावतात त्याच रीतीने ही नोटीस बजावावी, असे वन कायद्याच्या मुंबई दुरुस्तीतच लिहिलेले होते. कंपनीने शपथेवर सांगितले की आपल्याला अशी नोटीस कधी मिळालीच नाही, आणि ती बजावल्याचा पुरावा शासनाला पुढे करता आला नाही. अर्धशतकाच्या कारभारात पोच नावाचा एक चिटोरा जपून ठेवला गेला नव्हता.

तरीही 2008 साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल शासनाच्या बाजूने दिला होता. त्याला आधारही होता, कारण 2000 साली चिंतामणी वेलकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच नोटीस निघाली एवढे पुरेसे मानले होते. 2014 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल बरोबर नसल्याचे सांगितले. न्या. मदन लोकूर यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा, की ज्या नोटिशीचा उद्देशच मालकाला बोलण्याची संधी देणे हा आहे, ती मालकापर्यंत पोहोचलीच नाही तर तिच्यावरून त्याची मालकी काढून घेता येत नाही. शिवाय ती नोटीस जिवंत असायला हवी, म्हणजे 1975 साली कायदा आला तेव्हा तिच्यावरची कार्यवाही खरोखर चालू असायला हवी. जी प्रक्रिया 1957 च्या सुमारास अर्धवट सोडून दिली, ती अठरा वर्षांनी उकरून काढता येणार नाही.

त्या निकालात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र फ्लॅट घेणाऱ्यांविषयीचा भाग. 2002 साली एका पर्यावरणवादी संस्थेने केलेल्या जनहित याचिकेनंतर महसुली दप्तरांत जुन्या नोटिशींच्या आधारे ‘खाजगी वन’ अशा नोंदी घेण्याचे काम जोराने सुरू झाले आणि 2005-06 च्या सुमारास मुलुंडपासून ठाण्यापर्यंत अनेक सोसायट्यांना आपली इमारत जंगलात उभी असल्याचा शोध लागला. या लोकांनी काय करायचे बाकी ठेवले होते? विकास आराखड्यात ती जमीन रहिवासी क्षेत्रात दाखवलेली, कमाल नागरी जमीन धारणा कायद्याखालची सूट शासनाने दिलेली, नकाशे महापालिकेने मंजूर केलेले, भोगवटा प्रमाणपत्रेही निघालेली. एकट्या गोदरेजच्या वादग्रस्त जमिनीवर चाळीसच्या घरात निवासी इमारती उभ्या होत्या. खरेदीदाराने स्वतः चौकशी करायला हवी होती, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. सगळ्या सरकारी परवानग्या हातात असताना, त्या देणाऱ्या सरकारलाच ठाऊक नसलेली गोष्ट नागरिकाने शोधून काढावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

महसुली नोंद प्रत्यक्षात कशी दिसते ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे थांबतो. गाव नमुना सात हा सातबाऱ्याचा वरचा भाग. त्यात डावीकडे भूधारणा पद्धती आणि क्षेत्र, मध्ये भोगवटादाराचे नाव आणि उजवीकडे ‘इतर हक्क’ नावाचा एक अरुंद रकाना असतो. बँकेचा बोजा, विहिरीचा हिस्सा, कुळाचे नाव, पुनर्वसनाचा शेरा, सगळे याच रकान्यात दाटीवाटीने लिहिलेले असते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा, क्रमांक असतो. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांवर मी अशी नोंद पाहिली आहे, जिची शाई बाकीच्या ओळींहून वेगळी होती आणि जी जागा नसल्यामुळे रकान्याची रेघ ओलांडून खाली वळली होती. दोनच शब्द, ‘खाजगी वन’, आणि पुढे वर्तुळातला आकडा. तो आकडा धरून गाव नमुना सहाची फेरफार वही उघडली, तर तिथे वरिष्ठांच्या एका पत्राचा संदर्भ देऊन मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केलेली दिसते. ते पत्र कशाच्या आधारे निघाले हे विचारायला गेलेल्या माणसाला तीन कार्यालये फिरावी लागतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. दुसरीकडे, फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, ती फक्त सारा कुणाकडून घ्यायचा याची सोय आहे, असे न्यायालये वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. कायद्याच्या अंगाने ही दोन्ही विधाने एकत्र नांदू शकतात. व्यवहारात मात्र बँक, निबंधक आणि नगररचना कार्यालय पहिल्या विधानावर चालतात, आणि दुसरे ऐकायला मिळते ते पंधरा वर्षांनी, कोर्टात. त्यातच संहितेचे कलम 20 सांगते की जी जमीन दुसऱ्या कुणाची नाही ती राज्याची. म्हणजे ज्याचा कागद हरवला त्याच्या जमिनीवर दावा सांगण्याची मुभा सरकारला जन्मतःच आहे. मुदतीच्या बाबतीतही तेच. खाजगी माणसाला मालकी हक्काने ताबा मागण्यासाठी बारा वर्षे मिळतात, सरकारला दाव्यासाठी तीस. सार्वजनिक मालमत्तेला जागरूक मालक नसतो, म्हणून ही जादा सवलत असावी हे मला पटते. पण ज्याला एवढी सवलत आहे, त्याने निदान पोच तरी जपावी.

एवढे वाचून कुणाचा समज होईल की मी कंपन्यांचा वकील आहे. तसे नाही, आणि त्यासाठी विक्रोळीच्या शेजारचेच कांजूरमार्ग पुरेसे आहे. तिथल्या मिठागरांच्या जमिनीवर केंद्र सरकारच्या मीठ आयुक्तांचा दावा, राज्य सरकारचा दावा आणि खाजगी दावेदारांचेही दावे, अशी अनेक वर्षांची गुंतागुंत आहे. 2020 साली मेट्रो कारशेडसाठी तिथली 102 एकर जमीन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) देण्यात आली आणि त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्या हस्तांतरणाला स्थगिती दिली, तेव्हा केंद्र आणि राज्य ही दोन सरकारेच एकमेकांसमोर उभी होती. त्या गदारोळात एक भलतीच गोष्ट बाहेर आली. एका खाजगी कंपनीने सहमतीच्या हुकूमनाम्याने त्या परिसरातल्या सुमारे सहा हजार एकरांवर हक्क मिळवला होता. ज्यांच्या नावे जमीन होती त्या सरकारांना त्या दाव्यात पक्षकारच केलेले नव्हते. 2022 साली उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा फसवणुकीने मिळवलेला म्हणून रद्द केला. सहा हजार एकर म्हणजे चोवीस चौरस किलोमीटर. एवढी जमीन मुंबईत कागदावर एका सहीने हलू शकते आणि ज्याची ती आहे त्याला बराच काळ पत्ता लागत नाही, हे वाचून मी हसलो आणि मग घाबरलो. विसरभोळ्या मालकाला लुटणारे टपलेलेच असतात, आणि इथे तो विसरभोळा मालक म्हणजे आपण सगळे.

वनांच्या बाबतीतही माझे मन पूर्णपणे कंपनीच्या बाजूने जात नाही. 2014 च्या निकालाने न्याय झाला हे खरे, पण ज्या नोटिशी 1950 च्या दशकात नीट बजावल्या असत्या, त्यांपैकी काहींमुळे तरी खरे जंगल वाचले असते. डोंगरउतारावरची जमीन तेव्हा झाडीने भरलेली होती, तिला संरक्षणाची गरज होती, कायदाही हातात होता. राहिले ते एवढेच, की कुणीतरी उन्हातून चालत जाऊन सही आणावी. ते न झाल्याचा फायदा ज्याच्याकडे 1835 पासूनचे कागद आणि नामांकित वकील आहेत, त्याला मिळाला. रायगड-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात दळी जमिनीवर, म्हणजे डोंगरउतारावरच्या वनातल्या शेतीच्या तुकड्यांवर, नाचणी-वरी पिकवणाऱ्या कातकरी आणि ठाकर कुटुंबांची जमीन वनात गेली, तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हते. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांना निदान दावा करता येऊ लागला, पण ते दावेही पुन्हा पुराव्यावर अडतात. सरकारची विस्मृती कोर्टात सिद्ध करायलाही माणसाला ऐपत लागते.

गोदरेज आणि शासन यांची गाठ नंतर पुन्हा पडली, आणि या वेळी मालकीबद्दल वादच नव्हता. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 21 किलोमीटर बोगद्यासाठी विक्रोळीतली 39,252 चौरस मीटर जमीन हवी होती. 2019 पासून प्रकरण कोर्टात होते. सप्टेंबर 2022 मध्ये 264 कोटी रुपयांच्या भरपाईचा निवाडा झाला. भरपाईचा आकडा आधी सांगितला त्याहून बराच खाली आला, निवाड्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली, म्हणून सगळी प्रक्रियाच बाद ठरवावी, असे कंपनीचे म्हणणे होते. 9 फेब्रुवारी 2023 रोजी उच्च न्यायालयाने ते फेटाळले. प्रकल्प राष्ट्रीय महत्त्वाचा आहे, सार्वजनिक हित वरचढ आहे आणि संपादनात बेकायदेशीर काही दिसत नाही, असा तो निकाल. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. कंपनीला वाढीव भरपाई मागण्याचा मार्ग तेवढा उरला.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की मालकी या गोष्टीविषयीची आपली भाबडी समजूत उडून जाते. जिथे मालकीच नाकारली गेली होती तिथे कंपनी जिंकली आणि जिथे मालकी निर्विवाद होती तिथे हरली. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही. अनुच्छेद 300अ एवढेच म्हणतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे शासनाला जमीन घेता येते, फक्त रीतसर घ्यावी लागते. विक्रोळीच्या पहिल्या प्रकरणात ती रीत कागदोपत्रीसुद्धा पुरी झाली नव्हती. दुसऱ्यात ती पुरी झाली असे न्यायालयाला वाटले. मुदतवाढींच्या मालिकेकडे न्यायालयाने जरा जास्तच सौम्य नजरेने पाहिले, असे माझे मत आहे. प्रकल्पाची घाई असली की शासनाचा उशीर क्षम्य ठरतो आणि नागरिकाचा तसा कधी ठरत नाही, ही सवय बरी नव्हे.

2014 च्या निकालानंतर तरी खाजगी वनांचा घोळ संपायला हवा होता. पण तशाच जुन्या नोटिशींवरून आलेल्या याचिकांचा एक मोठा गठ्ठा 2018 साली उच्च न्यायालयाने फेटाळला आणि ते जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा तो निकाल रद्द करून गोदरेज प्रकरणात सांगितलेलेच पुन्हा सांगितले, की नोटीस मालकावर बजावल्याचा पुरावा नसेल तर जमीन शासनाकडे निहित होत नाही. आता त्या सातबाऱ्यांवरच्या नोंदी कमी करायच्या आहेत. त्याची रीत ठरलेली आहे. न्यायालयाच्या आदेशाची नक्कल जोडून अर्ज द्यायचा, तलाठ्याने फेरफार वहीत नोंद धरायची, हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस बजावायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. ज्यांचे अर्ज जाणार आहेत त्यांना माझी एकच सूचना आहे: या वेळच्या नोटिशीची पोच मागून घ्या आणि तिची एक प्रत स्वतःच्या घरी ठेवा.